लायगोचा लेझर आणि इंटरनेटची काच
कळमनुरीकरांनो, आपल्या शेजारच्या औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहतेय. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, 2023 मध्ये केंद्राने मंजूर केलेले 2,600 कोटी, हे सगळं ऐकून असाल. पण त्या भुजांतून धावणाऱ्या प्रकाशाबद्दल कोणी बोलतच नाही!

अमेरिकेतल्या लायगोत हा 1064 नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश निओडिमियम मिसळलेल्या स्फटिकातून निघतो. निओडिमियम काचेतही चालतं. एलियास स्निट्झर यांनी 1961 मध्येच तसा लेझर केला होता. मग स्फटिक का? काचेची रचना अस्ताव्यस्त. निओडिमियमच्या प्रत्येक आयनाभोवतीची मांडणी वेगळी, म्हणून प्रत्येकाची तरंगलांबीही जराशी वेगळी. वर्णपट्टा रुंदावतो. शिवाय काचेतून उष्णता लवकर बाहेर पडत नाही. लायगोला तर कमालीचा स्थिर, एकाच तरंगलांबीचा प्रकाश हवा.

आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे: तोच रुंदपणा इंटरनेटच्या कामी आला. काचतंतूत एर्बियम मिसळलं की 1550 नॅनोमीटरच्या आसपासचे अनेक सिग्नल एकाच वेळी वाढवता येतात, मध्ये विजेत रूपांतर न करता. साउथॅम्प्टनमध्ये डेव्हिड पेन यांच्या गटाने 1987 मध्ये हे करून दाखवलं. समुद्राखालच्या केबलमध्ये ठरावीक अंतरांवर आज असेच ॲम्प्लिफायर बसवलेले असतात.