चिकपेटेच्या गच्चीवरील शरद ऋतू

आपण पुण्याहून अथवा सोलापुराहून बंगळुरात राहावयास आला असाल, तर बागेचे जुने वेळापत्रक तूर्त बाजूस ठेवावे. तिकडे आश्विनात ऊन तापू लागते. येथे सप्टेंबर हा वर्षातील सर्वांत पावसाळी महिन्यांपैकी एक, आणि ऑक्टोबरही कोरडा नव्हे.

केंपेगौडांनी १५३७ च्या सुमारास वसविलेल्या या पेठेत जागा मोठी अपुरी. खाली कापडाचे दुकान, वर बिऱ्हाड. अंगण कोठून असणार? तेव्हा बाग गच्चीवरच.

पहिले काम पाण्याच्या निचऱ्याचे. प्रत्येक कुंडीच्या तळाचे भोक काडीने मोकळे करावे व कुंडी दोन विटांवर ठेवावी. पावसाने दडपलेली वरची माती हलक्या हाताने उकरून, वाहून गेलेल्या सत्त्वाच्या भरपाईस मूठभर कुजलेले शेणखत घालावे. भिजलेली माती फार जड असते. जुन्या घरात कुंड्या गच्चीच्या मध्यभागी न मांडता भिंतींच्या माथ्यावर येतील अशा ठेवाव्यात.

सप्टेंबरअखेर पिटुनियाचे बी टाकले, तर जानेवारीत, लालबागेत प्रजासत्ताकदिनाचे पुष्पप्रदर्शन भरते त्या सुमारास, आपलीही गच्ची फुललेली असेल. हे बी धुळीसारखे बारीक. ते वाळूत मिसळून पसरट कुंडीत भुरभुरावे, वर माती लोटू नये. कुंडी वळचणीखाली उजेडात ठेवावी. उघड्यावर ठेवल्यास बी वाहून जाते, आणि उगवलेली रोपे अतिओलीने बुडाशी कुजून एका रात्रीत कोलमडतात. म्हणून सारे बी एकदम पेरू नये. निम्मे पंधरा दिवसांनी पेरावे. गुलाबाच्या छाटणीची घाई नको, पाऊस ओसरू द्यावा.

आता शेवंतीविषयी. जवळच्या कृष्णराजेंद्र मार्केटात दसऱ्याला तिचे ढीग लागतात आणि आपली शेवंती मात्र नुसती पानांनी माजते, ही तक्रार पुष्कळ घरी ऐकू येते. दोष खताला दिला जातो. पण शेवंतीला कळी धरण्यास लांब, अखंड अंधारी रात्र लागते. दुकानांचे व रस्त्यावरचे दिवे तिच्यावर रात्री उशिरापर्यंत पडत राहिले, तर तिच्या लेखी रात्र होतच नाही. कुंडी पाण्याच्या टाकीच्या आडोशाला अशी सरकवावी, की दिवसा ऊन मिळेल व रात्री दिव्याचा झोत लागणार नाही. कळ्यांना रंग दिसू लागल्यावर ती खुशाल पुन्हा कठड्याशी आणावी.