गेम अडखळतोय? आधी झाकण उघडा

दौंडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, वर धूळ. जुन्या पीसीवर गेम सुरुवातीला सुरळीत चालून मग अडखळू लागला, तर लगेच नव्या ग्राफिक्स कार्डाची चौकशी नको. प्लग काढा, कॅबिनेट उघडा. हीटसिंकच्या पात्यांत धूळ गच्च बसलेली असते, खालची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. तापमान १०० अंशांच्या आसपास गेलं की बहुतेक प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःच वेग उतरवतात. पंखा बोटानं अडवून ब्लोअर मारा, पेस्ट बदला. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल आणि रॅमची एकच पट्टी असेल, तर तिला तशीच दुसरी जोडीला द्या, फरक जाणवतो. एसएसडीनं गेम लवकर उघडतो, फ्रेम फारशा वाढत नाहीत.