रकान्यात काय लिहायचं

पुण्यात सदाशिव पेठेतल्या, शास्त्री रस्त्यावरच्या अभ्यासिकांच्या आसपास मुलाखतीची तयारी ठरलेल्या साच्याने चालते. सराव मुलाखत होते. तिला सगळे ‘मॉक’च म्हणतात. समोरून प्रश्न येतो : पदवीला एक वर्ष जास्त का लागलं, मधली दोन वर्षं काय करत होता. उमेदवाराचा आवाज एकदम सपाट होतो आणि घोकलेलं उत्तर बाहेर पडतं. घरची परिस्थिती, आजारपण, मग ‘त्यातून मी खूप शिकलो’. ते उत्तर पुन्हा घासलं जातं आणि पुढच्या मॉकला आणखी गुळगुळीत होऊन येतं. या सगळ्या मेहनतीमागे एक समजूत असते, की जुनी चूक मुलाखतीच्या खोलीत शब्दांनी निस्तरता येते. मला ही समजूतच चुकीची वाटते. चूक निस्तरायची ती त्या खोलीत शिरण्याच्या कितीतरी आधी, आणि कागदावर. ते झालं असेल तर बोलायला दोन वाक्यं पुरतात. नसेल तर वीसही कमीच पडतात.

बँकेच्या नोकरीचंच पाहा. स्टेट बँकेच्या भरतीच्या जाहिरातींत बारीक अक्षरांत एक अट असते : कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी केल्याची नोंद असेल आणि नेमणुकीचं पत्र निघेपर्यंत ती फेडलेली नसेल, तर उमेदवार नियुक्तीला अपात्र. कॉलेजात असताना हौसेने घेतलेलं कार्ड, हप्त्यावरचा मोबाइल, मित्रासाठी राहिलेला जामीन, सगळं सिबिल या पतमाहिती संस्थेच्या अहवालात बसलेलं असतं. इथे उमेदवाराची दुसरी चूक होते. वसुलीवाल्याच्या फोनला कंटाळून तो निम्म्या रकमेत तडजोड करतो आणि विषय संपला असं धरून चालतो. अहवालात मात्र त्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा येतो, ‘क्लोज्ड’ नव्हे. म्हणजे पैसे पूर्ण आले नाहीत, ही गोष्ट नोंदीत राहतेच. उरलेली रक्कम भरून, बँकेकडून ‘नो ड्यूज’चं पत्र घेऊन, ती नोंद बदलली का हे तपासणं, हीसुद्धा मुलाखतीचीच तयारी. ती कुठल्या क्लासच्या वेळापत्रकात दिसत नाही, कारण तिची फी आकारता येत नाही. खासगी नोकरीत जुनी नोंद समोर आणण्याचं हेच काम भविष्य निर्वाह निधीचा बारा आकडी क्रमांक, यूएएन, करतो. सहा महिन्यांच्या नोकरीचं दीड वर्ष करून दाखवणाऱ्याचं पासबुक महिन्यागणिक खरं सांगत असतं.

सगळ्यात अवघड प्रकरण पोलीस केसचं. सरकारी नियुक्तीआधी साक्षांकन नमुना भरावा लागतो. कधी अटक झाली होती का, खटला भरला गेला का, शिक्षा झाली का, असे त्यात थेट रकाने असतात आणि खोटी माहिती दिल्यास अपात्र ठरवलं जाईल असा इशाराही. कॉलेजच्या गॅदरिंगमधली मारामारी, गावकीच्या भांडणात सगळ्या भावकीसकट लिहिलं गेलेलं नाव. केस केव्हाच मिटलेली असते, म्हणून ‘नाही’ लिहायचा मोह होतो. ‘अवतार सिंह विरुद्ध भारत सरकार’ या २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याचा नीट उलगडा केला आहे. माहिती खरीच हवी. मात्र तरुण वयातल्या घोषणाबाजीसारख्या किरकोळ प्रकरणाची लपवाछपवी नियोक्ता सोडून देऊ शकतो. आणि जे नेमकेपणाने विचारलंय तेवढंच सांगण्याचं बंधन आहे. मोघम रकान्याच्या आधारे कोणाला लबाड ठरवता येत नाही. हा शेवटचा मुद्दा मला मोलाचा वाटतो. प्रामाणिकपणा म्हणजे मुलाखत मंडळापुढे पापांचा पाढा वाचणं नव्हे. विचारलेल्या रकान्यात खरं लिहावं, न विचारलेलं घरी ठेवावं.

यावर कोणी २०११ च्या निकालाकडे बोट दाखवील. दिल्ली पोलिसांत हेड कॉन्स्टेबल होऊ पाहणाऱ्या एका तरुणाने अर्जात जुनी केस लिहिली नव्हती, तरी सर्वोच्च न्यायालयाने त्याला पदरात घेतलं. तरुणपणी चुका होतात, असं म्हटलं. मग लपवलं तर बिघडलं कुठे? बिघडलं ते असं : अर्ज १९९९ चा, निकाल २०११ चा. बारा वर्षं. शिवाय केस मुळात समेटाने मिटून तो निर्दोष सुटलेला होता, आणि पुढच्या साक्षांकन नमुन्यात ती त्याने स्वतःहून लिहिली होती. पहिल्याच अर्जात चार ओळी लिहिल्या असत्या, तर निदान लपवल्याचा ठपका तरी आला नसता.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. खरं लिहिणाऱ्याला मुलाखतीपर्यंत पोचूच देत नाहीत, असं मुलं म्हणतात. कॅम्पसवर येणाऱ्या कित्येक कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी तिन्हीकडे साठ टक्के मागतात, शिल्लक केटी, म्हणजे राहिलेला विषय, असेल तर नाव यादीतच येत नाही. ही चाळणी आंधळी आहे. नापास होऊन पुन्हा विषय काढणाऱ्याची चिकाटी तिला दिसत नाही. आणि पोलीस केस खरी सांगितली तरी नोकरी द्यायलाच हवी असं नाही, हेही त्याच २०१६ च्या निकालात स्पष्ट आहे. म्हणजे खरेपणाचं बक्षीस हमखास मिळतं, असा दावा मला करता येणार नाही. फरक पुढे पडतो. केटी सुटते, गुणपत्रिकेवर उत्तीर्णचा शेरा येतो, थकीत खातं बंद होतं. या चुकांना शेवट असतो. अर्जातल्या खोट्या ‘नाही’ला तो नसतो. नोकरी लागल्यावरही ते सेवापुस्तकाच्या मागे उभं राहतं, आणि खात्यात वाकडं वागणाऱ्या कोणाच्याही हाती लागू शकतं.

आता वेळेचा हिशेब. सिबिलची नोंद दुरुस्त व्हायला महिना सहज जातो, कोर्टातून निकालाची प्रमाणित प्रत मिळायला कधी त्याहून जास्त, आणि जाहिरात आल्यापासून अर्जाची मुदत बहुधा तीनेक आठवड्यांचीच असते. त्यामुळे ही कामं जाहिरातीची वाट न पाहता सुरू करावी लागतात. एका फाइलमध्ये निकालाची प्रत, नो ड्यूजचं पत्र, गॅपचं प्रतिज्ञापत्र आणि सगळ्या प्रयत्नांच्या गुणपत्रिका, नापास झालेल्यासुद्धा.