मोजपट्टी धरणारा माणूस

३१ जानेवारी म्हटले की आंबेडकरी माणसाला 'मूकनायक' आठवतो. १९२० साली याच तारखेला बाबासाहेबांचे ते पाक्षिक निघाले. त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, ३१ जानेवारी १९१९ रोजी, अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिना राज्यात कापूस पिकवणाऱ्या एका काळ्या कुटुंबात टेड कॉर्बिट यांचा जन्म झाला. त्यांचे पूर्वज गुलाम होते. हा निव्वळ योगायोग आहे आणि योगायोगाला भुलणारे आपण नव्हेत. पण तारखेच्या निमित्ताने या माणसाची ओळख वाचकांना करून द्यावी असे आम्हाला वाटते. आपल्या चळवळीत भाषण करणाऱ्यांची वाण नाही. वाण आहे ती कॉर्बिटसारख्यांची.

कॉर्बिट हे धावपटू. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ते अमेरिकेकडून मॅरेथॉन धावले. हेलसिंकी म्हटले की आपल्याला कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आणि त्यांचे कुस्तीतले कांस्यपदक आठवते. त्याच ऑलिंपिकमध्ये कॉर्बिट ४४ वे आले. ऑलिंपिक मॅरेथॉन धावणारे ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन. कॉलेजात असताना गोरे खेळाडू बरोबर धावायला तयार नसत म्हणून काही स्पर्धांत त्यांना उतरूच दिले गेले नाही. स्पृश्यास्पृश्यतेचा हा प्रकार आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

पण ते कितवे आले हा आमचा विषय नाही. शर्यत नसेल तेव्हा ते काय करीत, हा आहे.

न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत १९३६ साली काळ्या कार्यकर्त्यांनी 'पायोनियर क्लब' काढला. हार्लेम म्हणजे बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच्या शेजारचीच वस्ती. या क्लबचे प्रशिक्षक जो यॅन्सी सरकारी नोकरी सांभाळून बिनपगारी पोरे घडवीत. १९४२ मध्ये क्लबने सर्व वंशांच्या, सर्व धर्मांच्या धावपटूंना दार उघडले. ज्यांना गोऱ्यांच्या क्लबात प्रवेश नव्हता, त्यांनी आपल्या क्लबात गोऱ्यांना घेतले! समतेचा अर्थ यापेक्षा वेगळा काय असतो? कॉर्बिट १९४७ मध्ये याच क्लबात आले. पुढे १९५८ मध्ये न्यूयॉर्कमधील धावपटूंची जी संघटना उभी राहिली, तिचे पहिले अध्यक्ष कॉर्बिट झाले. आज जगभरातले हजारो लोक जी न्यूयॉर्क मॅरेथॉन धावतात, ती भरवणारी संघटना हीच.

अध्यक्ष म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हार, सत्कार आणि मंचावरची मधली खुर्ची येते. हे अध्यक्ष दिवसभर अपंगांवर फिजिओथेरपीचे उपचार करीत. चार दशके त्यांनी ती नोकरी केली. कित्येकदा कामावरून घरी धावतच येत. उरलेल्या वेळात क्लबची कामे, आणि तीही बिनपैशाची. त्यातले सर्वात मोठे काम म्हणजे रस्ते मोजणे.

हे काम वाटते तितके किरकोळ नाही. मॅरेथॉन ४२ किलोमीटर १९५ मीटरची. पण त्या काळी अमेरिकेत रस्त्यावरच्या शर्यतींचे अंतर कोणी मोटारीच्या काट्यावर मोजी, कोणी अंदाजाने ठरवी. मग या गावची वेळ आणि त्या गावची वेळ यांची तुलना करायची कशी? ब्रिटनमधील धावपटूंनी सायकलने मोजण्याची रीत काढली होती. कॉर्बिट यांनी ती अभ्यासली, पडताळली आणि १९६४ मध्ये त्यावर सविस्तर पुस्तिका लिहिली. रीत साधी आहे. पोलादी टेपने सरळ रस्त्यावर ठरावीक अंतर आखायचे, त्यावर सायकल चालवून चाकाचे किती फेरे होतात ते नोंदवायचे. मग तीच सायकल शर्यतीच्या मार्गावर, धावणारा वळणावर जितक्या आतून जाऊ शकेल तितक्या आतून न्यायची. आज जगभर शर्यतींचे रस्ते याच पद्धतीने मोजतात. १९७० मध्ये सेंट्रल पार्कमध्ये पहिली न्यूयॉर्क मॅरेथॉन झाली, तिचा मार्गही कॉर्बिट यांनीच मोजला. त्या दिवशी १२७ जण धावायला उभे राहिले आणि ५५ जणांनी शर्यत पुरी केली.

मोजणी चुकली तर काय होते? १९८१ च्या न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये अल्बर्टो सालाझार यांनी जागतिक विक्रम केला म्हणून गाजावाजा झाला. नंतर मार्ग पुन्हा मोजला तेव्हा तो सुमारे दीडशे मीटरने आखूड निघाला. विक्रम गेला.

हे वाचताना आम्हाला आपला इतिहास आठवला. जुन्या काळी दोन गावांत शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष प्रमाण मानीत. ज्याला गावात राहायला जागा नव्हती, त्याच्याच शब्दावर गावाची हद्द ठरे. वकिली करताना जमिनीच्या मोजणीचे दावे आमच्याकडे येतात. नकाशावरची एक रेघ सरकली की वतनाची जमीन कशी हातची जाते हे आम्ही पाहिले आहे. शिव जाणणाऱ्यांची नातवंडे आज स्वतःच्याच बांधासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढताहेत!

आणि आम्ही स्वतः काय करतो? दरवर्षी १४ एप्रिलच्या निमित्ताने आमच्या वस्तीत धावण्याची स्पर्धा होते. आम्ही आयोजकांपैकी एक. बॅनरवर कोणाचा फोटो किती मोठा असावा यावर दोन बैठका जातात. अंतर मात्र एका कार्यकर्त्याच्या स्कूटरच्या काट्यावर ठरते. हा अपराध आमचाच आहे. पण स्पर्धेचे एक वेळ जाऊ द्या. त्याच मैदानावर पहाटे पाचला वस्तीतली पोरे पोलीस भरतीसाठी धावतात. भरतीत मुलांना १६०० मीटर धावावे लागते आणि सेकंदावर गुण मिळतात. मैदानाची एक फेरी म्हणजे ४०० मीटर, हे कोणी कधी सांगितले कोणास ठाऊक! सगळे तेच धरून चालले होते. गेल्या भरतीत आमच्या ओळखीचा एक मुलगा थोडक्या गुणांनी हुकला. आई धुणीभांडी करते, बाप नाही. "वकीलसाहेब, इथं तर माझा टाइम बसत होता," असे तो आम्हाला म्हणाला. आम्ही त्याला आणखी मेहनत करण्याचा उपदेश केला.

कॉर्बिट यांच्याबद्दल वाचल्यावर गवंडीकाम करणाऱ्या एका मित्राकडून तीस मीटरची टेप आणली आणि चार पोरांना घेऊन मैदान मोजले. फेरी ३७२ मीटर भरली. चार फेऱ्यांत ११२ मीटर कमी. म्हणजे तो मुलगा घरच्या मैदानावर १४८८ मीटर धावून घड्याळ बंद करीत होता. त्याला उपदेश करणाऱ्या आम्हाला काय म्हणावे?

कॉर्बिट २००७ च्या डिसेंबरात, ८८ व्या वर्षी गेले. २००१ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, सहा दिवसांच्या शर्यतीत ते ३०३ मैल चालले होते. त्यानंतरही न्यूयॉर्कच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींत ते स्वयंसेवक म्हणून उभे राहत. त्यांच्या नावाची १५ किलोमीटरची शर्यत आता सेंट्रल पार्कमध्ये होते.

आमच्या मैदानावर पोरांनी चुन्याची नवी खूण केली आहे, जुन्या खुणेच्या २८ मीटर पुढे. पावसात ती पुसली जाईल, तेव्हा पुन्हा मोजावे लागेल. टेप आमच्याच घरी आहे. येत्या १४ एप्रिलच्या स्पर्धेचा रस्ता आदल्या रविवारी पहाटे सायकलने मोजायचा आहे. फक्त दोन माणसे हवीत. बैठकीत विचारले तेव्हा मंच व्यवस्थेसाठी अकरा हात वर झाले आणि मोजणीसाठी एक. तो त्या हुकलेल्या मुलाचा होता.