विश्लेषण : चूक मतदाराची की मतपत्रिकेची? ‘युजर-सेंटर्ड डिझाइन’ का महत्त्वाचे?

मोबाइलवर चुकीचे बटण दाबले गेले की ‘माझंच लक्ष नव्हतं’ असे म्हणून आपण स्वतःला दोष देतो. मात्र एकच चूक हजारो जण करत असतील, तर दोष वापरणाऱ्यांपेक्षा रचनेत असण्याची शक्यता जास्त असते. अमेरिकेतील एका मतपत्रिकेने २००० साली हे दाखवून दिले.

पाम बीचमध्ये काय घडले?

७ नोव्हेंबर २००० रोजी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्लोरिडातील पाम बीच काउंटीच्या मतदारांना कार्डाला छिद्र पाडून मत द्यायचे होते. उमेदवार होते दहा. सगळी नावे एकाच पानावर घेतली असती, तर अक्षरे बारीक झाली असती. या भागात ज्येष्ठ मतदार मोठ्या संख्येने राहतात. त्यांना वाचणे सोपे जावे म्हणून निवडणूक अधिकाऱ्यांनी नावे समोरासमोरच्या दोन पानांवर मोठ्या अक्षरांत छापली आणि छिद्रांची रांग मधोमध ठेवली. फुलपाखराच्या पंखांसारख्या या मांडणीला पुढे ‘बटरफ्लाय बॅलट’ असे नाव पडले.

डाव्या पानावर पहिले नाव जॉर्ज बुश यांचे, दुसरे अल गोर यांचे होते. पण दुसरे छिद्र होते उजव्या पानावरील पॅट ब्युकॅनन यांचे, तर गोर यांचे तिसरे. त्यामुळे डावीकडची नावे वरून खाली वाचून ‘दुसरे नाव, दुसरे छिद्र’ असा हिशेब करणाऱ्याचे मत ब्युकॅनन यांना जात होते.

परिणाम किती मोठा होता?

ब्युकॅनन यांना या काउंटीत सुमारे ३,४०० मते मिळाली. एकापेक्षा जास्त छिद्रे पाडल्याने १९ हजारांहून अधिक मते बाद झाली. बुश यांनी संपूर्ण फ्लोरिडा राज्य अवघ्या ५३७ मतांनी जिंकले आणि ते अध्यक्ष झाले. ‘अमेरिकन पॉलिटिकल सायन्स रिव्ह्यू’मध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, दोन हजारांहून अधिक डेमोक्रॅटिक मतदारांनी चुकून ब्युकॅनन यांना मत दिले.

युजर-सेंटर्ड डिझाइन म्हणजे काय?

वस्तू, यंत्र किंवा अ‍ॅप तयार करताना ते वापरणारी व्यक्ती, तिचे काम आणि तिची परिस्थिती यांपासून सुरुवात करणे. अमेरिकी संशोधक डॉन नॉर्मन यांनी १९८०च्या दशकात ही संकल्पना लोकप्रिय केली. आयएसओच्या मानकानुसार वापरसुलभता तीन गोष्टींवर ठरते : काम नेमके पूर्ण होते का, त्यासाठी वेळ आणि श्रम किती लागतात आणि वापरणारा समाधानी आहे का.

भारतातील मतदानयंत्रात ही तत्त्वे कशी दिसतात?

- ओळख : पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना लिहिता-वाचता येत नव्हते. म्हणून चिन्हे आली. प्रत्येक उमेदवाराची मतपेटीही वेगळी होती.
- स्पष्ट जोडी : ईव्हीएमवर नाव, छायाचित्र, चिन्ह आणि निळे बटण एकाच ओळीत असते. कोणते बटण कोणाचे, हा प्रश्न पडत नाही.
- प्रतिसाद : बटण दाबताच लाल दिवा लागतो, ‘बीप’ वाजतो. व्हीव्हीपॅटवर चिठ्ठी सात सेकंद दिसते.
- चुकीला आळा : एक मत नोंदले गेल्यावर दुसरे बटण दाबून उपयोग नसतो. त्यामुळे पाम बीचसारखे दुहेरी मत पडत नाही.

मग गोंधळ होतच नाही का?

होतो. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत ‘तुतारी वाजवणारा माणूस’ आणि अपक्षांना मिळालेले ‘ट्रम्पेट’ ही चिन्हे सारखी वाटल्याने मते विभागली गेली, अशी तक्रार राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाने केली. साताऱ्यात हा पक्ष ३२ हजारांहून अधिक मतांनी हरला, तर ट्रम्पेट चिन्हावरील अपक्षाला ३७ हजारांहून अधिक मते मिळाली. ही सगळी मते चुकून पडली, असे सिद्ध झालेले नाही. पण दोन चिन्हे वेगळी असणे पुरेसे नाही, ती वेगळी ‘दिसली’ही पाहिजेत, हे यातून पुढे आले. विधानसभा निवडणुकीआधी चिन्ह अधिक ठळक करण्याची पक्षाची मागणी निवडणूक आयोगाने मान्य केली.

अशी चूक आधी कशी पकडायची?

प्रत्यक्ष वापरणाऱ्यांकडून चाचणी करून. त्यासाठी मोठा खर्च लागतोच असे नाही. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांच्या मते पाच जणांच्या चाचणीतूनही बहुतेक अडचणी समोर येतात. अट एवढीच की त्यांना शिकवायचे नाही. ते कुठे अडतात ते पाहायचे. पाम बीचमध्ये हेतू चांगला होता, अक्षरेही मोठी होती. तरीही काही ज्येष्ठ मतदारांच्या हाती आधी कार्ड देऊन पाहिले असते, तर दुसऱ्या छिद्राचा घोळ मतदानाआधीच दिसला असता.

वापरकर्ते काय करू शकतात?

पैसे पाठवताना पिन टाकण्यापूर्वी दिसणारे समोरच्याचे नाव हाही ‘प्रतिसाद’च आहे, ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. आणि घरातील आजी-आजोबा एखाद्या अ‍ॅपमध्ये रोज एकाच जागी अडत असतील, तर ‘तुम्हाला जमत नाही’ म्हणण्याऐवजी त्या स्क्रीनचा स्क्रीनशॉट कंपनीला पाठवावा. दुरुस्ती तिथे व्हायला हवी.