दुरुस्ती केली, तरी माहिती जुनीच

शाळेत प्रत्येक विद्यार्थ्याविषयी सारखीच माहिती ठेवावी लागत नाही. एखाद्याच्या ॲलर्जीची नोंद हवी असते, तर दुसऱ्याच्या शिष्यवृत्तीची. प्रत्येक बाबीला स्वतंत्र स्तंभ दिला तर बरेच रकाने रिकामे राहतात. म्हणून संगणकावर कधीकधी तीनच स्तंभांचा तक्ता करतात : रजिस्टर क्रमांक, बाब आणि मूल्य. नवी बाब आली की नवी ओळ घालायची. सोय चांगली आहे. पण दुरुस्ती करताना ती फसवू शकते.

समजा, क्रमांक ४१२ च्या पालकांचा फोन बदलला. आपण आज्ञा देतो : ‘जेथे क्रमांक ४१२ आणि बाब “पालकांचा फोन” असेल, तेथे मूल्य बदल.’ संगणक तक्रार करत नाही. पण मूल अचानक आजारी पडते तेव्हा कळते, की नोंद जुनीच आहे. असे का व्हावे?

तक्त्यात ‘पालकाचा फोन’ असे लिहिलेले असते. एका अनुस्वाराचा फरक, म्हणून अट पूर्ण करणारी ओळच सापडत नाही. तरीही ही चूक ठरत नाही, कारण आज्ञा एका ओळीला नव्हे, तर अट पूर्ण करणाऱ्या ओळींच्या संचाला दिलेली असते. ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानाचा पाया संचसिद्धान्त हाच आहे. आणि रिकामा संच हाही संचच! शून्य ओळी बदलल्या, आज्ञा पाळली गेली. म्हणून आज्ञेनंतर किती ओळी बदलल्या हा आकडा पाहावा. येथे तो १ हवा. ० आला तर ओळ सापडली नाही. शेकड्यांत आला तर अटीतला क्रमांक राहून गेला आणि सर्वांचे फोन एकच झाले!

‘ओळ आहे का ते आधी पाहू, नसेल तर घालू,’ हा उपाय सुचतो. पण दोन लेखनिक एकाच क्षणी पाहतील, दोघांनाही ओळ दिसणार नाही आणि दोघेही ती घालतील. मग एकाच मुलाचे दोन फोन, खरा कोणता?

खरा उपाय तक्त्याच्या रचनेतच आहे. क्रमांक आणि बाब यांची जोडी मिळून प्राथमिक किल्ली ठरवावी. मग तीच जोडी दुसऱ्यांदा घालू पाहिल्यास संगणक स्वतःच नकार देतो. ‘नसेल तर घाल, असेल तर बदल’ अशी एकत्रित आज्ञाही आता मिळते. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये ती २०१६ साली आली, एसक्यूलाइटमध्ये २०१८ साली. मात्र ही आज्ञा ‘पालकाचा’ आणि ‘पालकांचा’ यांना एक मानत नाही. उलट, दुसरी ओळ मुकाट्याने घालते. त्यासाठी बाबींच्या नावांची वेगळी यादी करून तक्ता तिच्याशी परकीय किल्लीने बांधावा, म्हणजे यादीबाहेरचे नाव स्वीकारलेच जाणार नाही.

हे वर्गात पुठ्ठ्याच्या कार्डांनी करून पाहता येईल. प्रत्येक कार्डावर एक ओळ लिहा. एका विद्यार्थ्याने अट वाचावी, दुसऱ्याने कार्डे शोधून फक्त बदललेल्यांची संख्या सांगावी. ‘शून्य’ हे उत्तर आले, की त्याचा अर्थ काय, हे मुलांनाच विचारा.