इंजिनाच्या पोर्टची चकाकी : कुठे हवी, कुठे नको

खामगावला रजतनगरी म्हणतात. चांदीच्या पेढीवर भाव वजनाने ठरतो, पण गिऱ्हाईक आत येते ते चकाकी पाहून. आमच्या कापडधंद्यातही ताका उलगडला की आधी त्याची झळाळी दिसते, सूत नंतर. ही झळाळीची ओढ आता मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये शिरली आहे. तिथे मात्र ती गिऱ्हाइकाचा पैसा आणि कारागिराचे नाव दोन्ही बुडवू शकते.

गोष्ट अशी. आमच्या दुकानामागे एक तरुण मेकॅनिक काम करतो. हात चांगला आहे. गेल्या हिवाळ्यात त्याने मला यामाहा आर. एक्स. 100 चा ब्लॉक दाखवला आणि म्हणाला, ‘‘चाचा, आत बघा, तोंड दिसेल.’’ खरेच तोंड दिसत होते. ग्राइंडर, मग पॉलिश पेपर, मग बफ. दोन दिवसांची मेहनत, आणि या ‘आरसा पॉलिश’चे बिल वेगळे. आठ दिवसांनी गिऱ्हाईक परत आले. गाडी खालच्या वेगात अडखळते, प्लग ओला होतो, पेट्रोल जास्त खाते. मुलाला कळेना, चुकले कुठे?

आर. एक्स. 100 भारतात 1985 साली आली आणि 1996 मध्ये तिचे उत्पादन थांबले, तरी जुन्या गाड्या शौकिनांनी जिवापाड जपल्या आहेत. ते टू-स्ट्रोक इंजिन आहे. त्याच्या सिलिंडरला फोर-स्ट्रोकसारखे उघडझाप करणारे वाल्व नसतात. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात, त्यांनाच पोर्ट म्हणतात. पिस्टन वरखाली होताना या खिडक्या उघडतो आणि झाकतो. एकीतून पेट्रोल व हवेचे मिश्रण क्रँकखान्यात येते, बाजूच्या वाटांनी ते वर चढते आणि जळालेला धूर सायलेन्सरकडे जातो. या खिडक्या घासून त्यांचा आकार व उंची बदलणे म्हणजे पोर्टिंग.

आता चकाकीकडे वळू. हवा नळीतून वाहते तेव्हा भिंतीला अगदी चिकटलेला हवेचा थर जवळजवळ उभाच असतो. वाहणारी हवा त्या थरावरून सरकते. त्यामुळे भिंत थोडी खरबरीत आहे की आरशासारखी, याने हवेच्या प्रमाणात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो वळणाने, मध्येच आलेल्या पायरीने आणि जुळत नसलेल्या तोंडाने. बहुतेक ब्लॉकमध्ये बाहेरचे ॲल्युमिनियम आणि आतली लोखंडी लायनर यांच्या खिडक्या तंतोतंत जुळलेल्या नसतात. गॅस्केटही कुठे आत, कुठे बाहेर असते. या पायऱ्या काढल्या तर जो फायदा होतो तो दोन दिवस बफ मारून होत नाही.

शिवाय येणाऱ्या वाटेत नुसती हवा नसते. पेट्रोलचे बारीक थेंब असतात, टू-स्ट्रोकमध्ये ऑइलही असते. कोऱ्या, खळ असलेल्या कापडावर पाणी टाका, थेंब एकत्र होऊन ओघळतो. तेच कापड धुऊन घेतले की पाणी पसरते आणि लवकर सुकते. पोर्टचेही काहीसे असेच आहे. आरशासारख्या भिंतीवर पेट्रोलचे थेंब एकमेकांना मिळून ओघळ बनतात आणि ओघळ सिलिंडरमध्ये गेला की नीट जळत नाही. बारीक खरबरीत भिंतीजवळ हवा थोडी घुसळते, पेट्रोल पातळ पसरते आणि उडून जाते. हे विशेषतः कार्बोरेटरच्या गाडीत आणि कमी वेगात जाणवते, कारण तेव्हा हवेचा जोर कमी असतो. म्हणून येणारी वाट 80 ते 120 नंबरच्या पेपरवर थांबवावी, असा जुन्या जाणकारांचा तजुर्बा आहे. नख फिरवले तर बारीक कुरकुर जाणवली पाहिजे.

धुराच्या वाटेचा हिशोब वेगळा. तिथे पेट्रोल उडवायचे नसते, कार्बन चिकटू द्यायचा नसतो. गुळगुळीत भिंतीवर कार्बन धरायला उशीर लागतो. म्हणून तिथे 320 किंवा 400 नंबरपर्यंत जावे. त्यापुढे बफ मारणे म्हणजे हौस. काही दिवसांतच आरशावर काजळी बसते, आणि ती पाहायला सायलेन्सर कोण उघडणार?

सिलिंडरची भिंत तर मुद्दाम रेघांची ठेवावी लागते. बोर केल्यावर होनिंग करतात तेव्हा तिरप्या, एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेघा पडतात. त्यांत ऑइल टिकते. हौसेने ती भिंतही चमकवली तर ऑइल धरायला जागा उरत नाही आणि रिंग नीट बसत नाही.

पण माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे खिडकीची कड. याची किंमत मी मोजली आहे. कापडाचे गठ्ठे बांधून आठवडी बाजार करायचो तेव्हा माझ्याकडेही आर. एक्स. होती. एका गॅरेजमध्ये पोर्ट मोठे करून घेतले. आतून छान चकचकीत होते. तिसऱ्याच खेपेला राजूर घाट चढताना कट्ट आवाज झाला आणि गाडी बंद. उघडून पाहिले तर रिंग तुटून तिचा तुकडा पिस्टनच्या डोक्यात रुतलेला. खिडकीची कड धारदार सोडली होती. रिंग खिडकीसमोरून जाताना किंचित बाहेर फुगते आणि परत आत जाताना त्या धारेवर अडकते. कडेला अगदी हलका उतार दिला, वरचे व खालचे कोपरे गोल ठेवले, तर रिंग सरकत आत जाते. खिडकी फार रुंद केली तरी हाच धोका. धुराच्या एकसंध खिडकीची रुंदी बोरच्या सत्तर टक्क्यांपर्यंत नेतात ती शर्यतीच्या गाडीत. रोजच्या गाडीत त्याहून बरीच कमी ठेवावी. आर. एक्स. 100 चा बोर 50 मि.मी. आहे, त्यावरून ज्याने त्याने हिशोब करावा.

आपल्याकडची मुले आखातात गॅरेजमध्ये काम करायला जातात. त्यांना कधी माझदाची आर. एक्स.-7 किंवा आर. एक्स.-8 मोटार भेटू शकते. नावात आर. एक्स. आहे, पण यामाहाशी त्याचा संबंध नाही. तिचे इंजिन रोटरी. जर्मनीत फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेवरून एन. एस. यू. कंपनीत 1957 मध्ये असे पहिले इंजिन चालले. त्यात पिस्टन नाही, तिकोनी रोटर फिरतो. वाल्व इथेही नाहीत, रोटरच खिडक्या उघडतो व झाकतो. म्हणून पोर्टिंगचे सर्व नियम इथे आणखी कडक होतात. येणाऱ्या वाटेच्या खिडक्या बाजूच्या लोखंडी पाट्यांत असतात आणि त्या पाट्यांवरून रोटरच्या सील घासत जातात. खिडकी वाढवताना कोपऱ्यातील गोल सीलचा आधार गेला तर ती खिडकीत पडते आणि इंजिन संपते. शर्यतीसाठी जास्तीची खिडकी कोरतात तेव्हा मध्ये लोखंडाची एक पट्टी पुलासारखी मुद्दाम सोडतात, ती याचसाठी.

चकाकीचा धडा तर याच इंजिनाने माझदाला शिकवला. सुरुवातीच्या इंजिनांत रोटरच्या टोकाची सील थरथरायची आणि क्रोमच्या भिंतीवर लाटांसारख्या खुणा पडायच्या. तिथले लोक त्यांना सैतानाची नखे म्हणत. केनिची यामामोतो यांच्या पथकाने सीलचे साहित्य बदलून, कार्बन व ॲल्युमिनियमची सील करून, मार्ग काढला आणि 1967 मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. पुढे क्रोमची भिंतही ऑइल धरणाऱ्या सूक्ष्म छिद्रांची करण्यात आली. 1991 मध्ये माझदाची चार रोटरची गाडी ल मॉन्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली.

काम झाल्यावर धुण्याचे सांगायचे राहिले. पेपरची पूड बोरमध्ये राहिली तर ती ऑइलमध्ये मिसळून पेपरचेच काम करते. गरम पाणी, साबण व ब्रशने ब्लॉक घासून धुवावा. पांढरे फडके फिरवून ते काळे व्हायचे थांबेपर्यंत धुवावा, आणि लोखंडाला गंज धरण्याआधी लगेच ऑइल लावावे. फडके म्हणाल तर आमच्या दुकानातले चिंध्यांचे गाठोडे फुकट आहे.

त्या मुलाने गिऱ्हाइकाच्या ब्लॉकची येणारी वाट पुन्हा 80 नंबरने घासली, कडा तपासल्या आणि पॉलिशचे पैसे परत केले. गाडी आता खालच्या वेगातही नीट चालते. बिलावर तो हल्ली ‘पोर्ट जुळवणी व कडा’ असे लिहितो आणि गिऱ्हाइकाला बोट फिरवून फरक दाखवतो. सगळ्यांना ते पटते असे नाही. गेल्याच महिन्यात एक जण आपला ब्लॉक उचलून निघून गेला. त्याला आरसाच हवा होता.